दोन झटके म्हणजे चालू

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. आमच्या उदगीरकडे कुणाचं रेडकू मेलं तरी करणी केली म्हणतात, आणि अशा लोकांची मी चारचौघांत टिंगल केलेली आहे. माझा विश्वास मशीनच्या गेजवर. काटा दोनशेवर असेल तर आहे, नसेल तर नाही, त्यात भूत कुठून आणणार? या पानावरच्या कित्येक अनुभवांखाली मी "पित्त झालं असेल" असं लिहिलेलं आहे... ज्यांना ते आठवत असेल त्यांनी आज उट्टं काढायला हरकत नाही.

माझा धंदा प्रेशर वॉशिंगचा. भोसरीपासून चाकणपर्यंत कंपन्यांचे फ्लोअर, टाक्या, पेंट बूथ, कंटेनर, जे मळलं असेल ते आम्ही धुतो. आम्ही म्हणजे मी आणि सुदाम. अकरा वर्षं एकत्र. सुदाम इथलाच, मोशीकडच्या जुन्या शेतकरी घरातला. त्यांच्या ज्वारीच्या रानात आता सोसायटी उभी आहे आणि हा गडी गमबूट घालून लोकांच्या कंपन्यांची घाण काढतो. का रे बाबा, असं विचारलं की म्हणतो, "मग घरी बसून माशा मारू व्हय?"

लोकांना वाटतं पाणी तर मारायचं, त्यात काय एवढं! बोअरच्या क्षारांनी नोझल चोक होतं. टाकीतलं पाणी संपलेलं कळलं नाही तर पंपाची सीलं जळतात. आणि दोनशे बार दाबाचं पाणी काँक्रीटचा पापुद्रा काढतं, तर माणसाच्या कातडीचं काय घेऊन बसलात. आमचं मशीन गरम पाण्याचं, डिझेल बर्नरचं. धूर होतो म्हणून ते शेडच्या बाहेर ठेवावं लागतं आणि पाणी मारायची गन धरलेला माणूस आत, चाळीस-पन्नास मीटर पाईपच्या टोकाला. एकमेकांना दिसत नाही, आवाजात ऐकू येत नाही, ओल्या हातमोज्यांनी मोबाईल उचलता येत नाही. म्हणून आमची खूण ठरलेली होती. आतल्याने पाईपला एक झटका दिला की मशीन बंद. दोन झटके म्हणजे चालू. मशीनवाल्याने डावा हात कायम पाईपवर ठेवायचा. अकरा वर्षांत ही खूण एकदाही चुकली नव्हती.

सुदामची एक वाईट खोड होती. गनचा ट्रिगर दिवसभर दाबून बोटं आखडतात म्हणून तो सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून ट्रिगर दाबलेलाच बांधून टाकायचा. मग पाणी सोडायचं की थांबवायचं, हे सगळं माझ्या स्विचवर. मी शंभरदा बोललो असेन. तो म्हणायचा, "तू हायेस की भाईर."

आता त्या रविवारचं. खराबवाडीच्या पुढे एक पेंटिंगचं युनिट आहे, नाव सांगत नाही. बूथच्या जाळीखाली पाण्याचा हौद असतो, त्यात उडालेला रंग बसतो आणि वर्षभरात डांबरासारखा घट्ट होतो. तो आम्हाला काढायचा होता. रविवारी पेंटिंगची लाईन बंद, सोमवारी पहिल्या शिफ्टला चालू होणार, म्हणजे दिवसाउजेडी काम संपवायला हवं होतं. मशीन शटरच्या बाहेर. शटरमधून सरळ पंधरा पावलांचा पॅसेज, त्याच्या शेवटी लोखंडी चौकटीचं दार, आणि दारातून डावीकडे वळलं की बूथ. मला माझ्या जागेवरून दारापर्यंतचा सगळा पॅसेज दिसायचा. गेटवरचा वॉचमन लांब होता. सेफ्टी ऑफिसर वरच्या मजल्यावर, एसीत. बाकी कुत्रंसुद्धा नव्हतं.

एक गोष्ट लपवत नाही. त्या आठवड्यात आमचं बिनसलं होतं. तळेगावच्या एका मोठ्या कंपनीचं काम बघायला मी सुदामला न सांगता एकटाच जाऊन आलो होतो. त्याला कुठून तरी कळलं. तो भांडला नाही, फक्त बोलणं कमी केलं. मला वाटतं त्याने दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

साडेदहा-अकराला पाईपला एक झटका बसला. मी मशीन बंद केलं. पाच मिनिटांनी सुदाम रंगाने माखलेला बाहेर आला.

"बंद कशापायी केलंस?"

"तूच ओढलास की रे."

"म्या कवा ओढला? म्या तर जाळी उचलत व्हतो."

मी पुन्हा चालू केलं. अर्ध्या तासात परत तेच. या वेळी सुदाम आला तो कमरेवर हात ठेवून. "लातूरकर, काम करायचं नसंल तर तसं सांग." रागात असला की तो मला लातूरकर म्हणतो.

माझं डोकं सटकलं. मनात म्हटलं, हा तळेगावचा वचपा काढतोय. मला बाहेर उन्हात नाचवायचं, काम रखडवायचं आणि मग म्हणायचं, बघा, याच्याने होत नाही. पण संशय घ्यायचा तर पुराव्यानिशी घ्यावा, म्हणून मी लाल इन्सुलेशन टेप घेतली, पॅसेजच्या टोकाला गेलो आणि बरोबर दाराच्या चौकटीपाशी पाईपला दोन वेढे दिले. सुदामने आतून ओढलं की टेप चौकटीच्या आत सरकणार. तेव्हा पकडतो बेट्याला.

बारानंतर एक झटका आला, चांगला जोराचा. मी स्विच बंद केला आणि आधी टेपकडे बघितलं. टेप चौकटीपाशीच होती. तिथे जाऊन वाकून बघितलं. केसभरही हललेली नव्हती.

म्हणजे पाईप आतून ओढलेलाच नव्हता. ओढला होता तो चौकट आणि मी यांच्यामध्ये, माझ्या डोळ्यांसमोरच्या पंधरा पावलांत. आणि तिथे कोणीही नव्हतं.

तेवढ्यात सुदाम आला. या वेळी तो चिडला नाही. "राव, खरं सांग, तुला बरं वाटत न्हाई का?" असं त्याने विचारलं. मला तेव्हाच सांगता आलं असतं. टेप दाखवायची, अन् म्हणायचं, भावा, काहीतरी गडबड आहे, आज खूण बंद, माणूस मध्ये उभा करू. पण मग मी त्याच्यासाठी सापळा लावला होता हेही सांगावं लागलं असतं. मी म्हणालो, "वायर लूज होती, केली घट्ट." तो आत गेला.

दीडच्या सुमाराला परत एक झटका. बंद करून बघितलं, तर टेप वीतभर आत सरकलेली. हा सुदामचा खरा झटका होता, नोझल चोक झालं असणार. म्हणजे माझी युक्ती बरोबर चालत होती. मी जाऊन टेप सोडवली, परत चौकटीपाशी गुंडाळली आणि मशीनजवळ येऊन पाईपवर हात ठेवला.

थोड्या वेळाने दोन झटके आले. एक... आणि दुसरा. मी मशीन चालू केलं.

मशीनच्या आवाजातही सुदामची किंकाळी मला ऐकू आली. तो नोझल डाव्या तळहातात धरून टाचणीने क्षार काढत होता, ट्रिगर पट्टीने बांधलेला. पाणी हातमोज्यातून सरळ तळहातात शिरलं. मी पोचलो तेव्हा तो हौदाच्या कडेला बसून हाताकडे बघत होता. भोक एवढंसं, मुंगी चावल्याएवढं. रक्तसुद्धा फारसं नाही. "एवढं काय न्हाई रे," तो मला म्हणत होता. मला मात्र माहीत होतं की अशा जखमेत पाणी आणि हातमोज्यावरचा रंग आत मनगटापर्यंत गेलेले असतात. जवळच्या दवाखान्यातले डॉक्टर पट्टी बांधून सोडायला निघाले होते. मी तिथे आरडाओरडा केला, त्याला गाडीत घातलं आणि पिंपरीच्या मोठ्या हॉस्पिटलला आणलं. त्यांनी मनगटापर्यंत हात उघडला. हात वाचला. अंगठ्याजवळचं बोट गेलं, मधलं आजही वाकत नाही.

मंदावहिनी, म्हणजे सुदामची बायको, ऑपरेशन थिएटरच्या बाहेर मला म्हणाल्या, "भाऊजी, तळेगावचं काम एकट्याला पायजे व्हतं तर तोंडानं मागायचं." त्यांच्या जागी मी असतो तर हेच म्हणालो असतो.

दोन दिवसांनी सेफ्टी ऑफिसरने बोलावलं. पॅसेजमध्ये कॅमेरा होता. मशीन त्यात येत नव्हतं, पण पाईप येत होता, दारापर्यंत. त्यांनी रेकॉर्डिंग लावलं. पॅसेज रिकामा. पाईप जमिनीवर निपचित पडलेला. मग मधोमध, पॅसेजच्या निम्म्यात, तो वीतभर उचलला गेला आणि पडला. परत उचलला गेला आणि पडला. त्यानंतर पाणी चढल्यावर मारतो तशी त्याने एक उसळी मारली.

ऑफिसर म्हणाले, "बघा, दोनदा हलला. तुमच्या पार्टनरने स्टेटमेंट दिलंय की त्यानेच चुकून पाय अडकून ओढला. मॅटर क्लोज."

सुदामने असं स्टेटमेंट दिलंय हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. पण माझं लक्ष दुसरीकडेच होतं. स्क्रीनच्या कडेला चौकटीपाशी एक लाल ठिपका दिसत होता. पाईप मध्ये दोनदा उचलला गेला तेव्हा तो ठिपका हललाच नाही. तो काय आहे हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. त्या दिवशी गडबडीत, सुदामला घेऊन कंपनीतून निघण्याआधी मी ती टेप काढून खिशात टाकली होती... का काढली ते मला विचारू नका. मी रेकॉर्डिंग परत लावायला सांगितलं नाही. सही केली आणि निघालो.

नंतर मी एकटा तिथे जाऊन सगळं तपासलं. शेजारच्या कंपनीतली मशिनं चालली की जमीन थरथरते का, वरून क्रेनची साखळी लोंबते का, पाईपमध्ये राहिलेल्या गरम पाण्याची वाफ होऊन तो उसळतो का. पाईप गरम ठेवून मशीन बंद केलं आणि तासभर बघत बसलो. तो हूं की चूं करत नाही. तिथल्या जुन्या कामगारांना आडून विचारलं, त्या जागी कुणाचं काही बरंवाईट झालंय का. कुणाचंच नाही, शेड बांधून पाच वर्षंही झालेली नाहीत. म्हणजे सांगायला एखादी गोष्टसुद्धा नाही.

सुदाम घरी आल्यावर मी भेटायला गेलो. वहिनी चहा ठेवून आत गेल्या. मी त्याला विचारलं, "स्टेटमेंट तसं का दिलंस? तू ओढला नव्हतास ना?"

"न्हाई ओढला. माझ्या दोनी हातात नोझल व्हतं, कशानं ओढणार?"

"मग?"

"मग काय सांगू? भुतानं ओढला म्हणू? का तू मुद्दाम केलंस म्हणू?" त्याने बँडेजचा हात उचलून मांडीवर घेतला. मग म्हणाला, "तू मुद्दाम न्हाई केलंस, येवढं कळतंय मला. मंदीला बी तसंच सांगितलंय. फकस्त एक सांग. त्याच्या आधी तुला कायतरी येगळं जाणवलं व्हतं का?"

मी म्हणालो, "नाही रे. काहीच नाही."

"मंग झालं," तो म्हणाला, आणि माझ्या पाठीवर त्याने उजवा हात ठेवला.

खरं असं आहे की ते दोन झटके आले तेव्हा मी टेपकडे बघितलं होतं. ती जागची हललेली नव्हती, हे मला दिसलं होतं. आता स्विच आधी दाबला की टेप आधी दिसली, हे मी रोज आठवायचा प्रयत्न करतो. सवयीने हात आधी गेला असेल. एखादे दिवशी वाटतं, दिसूनही दाबला, कारण तीन तास मला त्याचा राग येत होता. मला शपथेवर सांगता येत नाही. इथे कोणी मला विचारेल की पाईप कोणी ओढला, तर तेही मला माहीत नाही. तुमच्यापैकी कुणाकडे उत्तर असेल तर लिहा, मी आता पित्ताचं नाव काढणार नाही.

आम्ही परत काम सुरू केलंय. तळेगावचं काम दोघांच्या नावाने घेतलं. आता आम्ही वॉकीटॉकी वापरतो, आणि मशीनवर सुदाम असतो, आत मी जातो. तो विचारतो, "चालू करू?" मी हो म्हणेपर्यंत तो स्विचला हात लावत नाही. दरवेळी दोनदा विचारतो.

सुदाम मोबाईलवर काही वाचत नाही. पण त्याची थोरली मुलगी हे पान वाचते, हॉस्पिटलमध्ये तिला वाचताना मी बघितलंय. तोंडावर सांगायला मी चार वेळा त्याच्या दारापर्यंत जाऊन परत आलोय. पोरी, तू हे वाचत असशील, तर बाबांना वाचून दाखव.