डाकोटाच्या पोटावरचं ठिगळ

अकोल्याहून पुण्याला निघताना बाबांची एकच अट होती: डॉक्टर काहीही म्हणोत, विमान पाहिल्याशिवाय परतायचं नाही. डॉक्टर म्हणाले, "काचबिंदूनं गेलेली नजर परत येत नाही. उरलेलीही फार दिवस टिकणार नाही." बाबांनी ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "रिक्षा कुठं मिळन?" मला रडू येत होतं आणि त्यांचा रागही.

येरवडा ओलांडून विश्रांतवाडीला उतरलो, मिसळ खाल्ली. आमच्या वऱ्हाडी जिभेला ती गोडच लागली, पण पुण्यात तसं मालकाला सांगायची हिंमत कोण करणार! तिथून पुढे एका संस्थेच्या आवारात जुनी विमानं ठेवली आहेत. त्यातलं डाकोटा पाहून मी थबकलेच. दोन पंख्यांचं, शेपूट जमिनीला टेकवून नाक वर केलेलं. बाबा हवाई दलात याच विमानांवर रिगर (सांगाड्याची, पत्र्याची दुरुस्ती करणारे) होते. पन्नास वर्षांनी ते त्याच्यासमोर उभे होते आणि त्यांना दिसत होतं नुसतं करडं धुकं. विमानाभोवती दोर होता.

"मले हात लावून पाहू द्या ना," बाबा म्हणाले.

तिथल्या देखरेख करणाऱ्या गृहस्थांनी वहीतून मानही वर केली नाही. "अहो आजोबा, विमान आहे ते. दाबून बघायला हापूस नव्हे."

मी भांडायच्या तयारीत. बाबांनी मात्र परवानगी मिळाल्यासारखं खिसे रिकामे करायला घेतले. किल्ल्या, चिल्लर, पेन, मग घड्याळ, शेवटी बोटातली अंगठी, सगळं माझ्या ओंजळीत. मला मेलं काही कळेना. गृहस्थ मात्र उठून उभे राहिले.

"हवाई दलात कोणता ट्रेड आपला?"

"एअरफ्रेम. रिगर होतो."

"मी इंजिनवाला." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "एक नाणं आत पडून अडकलं ना, तर माणसं जातात. खिसे रिकामे केल्याशिवाय आमच्यातला कुणी विमानाला शिवत नाही." आणि त्यांनी स्वतः दोर सोडला. देव त्यांचं भलं करो!

बाबा विमानाच्या पोटाखाली गेले. त्यांची बोटं रिवेटांवरून (पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांवरून) सरकत सरकत एका जागी थांबली.

"इथं ठिगळ हाय."

"शक्यच नाही. नऊ वर्षं पुसतोय मी हे विमान."

"आना तुमचा हात." बाबांनी त्यांचं बोट धरून रंगाखालची कड दाखवली. गृहस्थांनी ती कड स्वतःच दोनदा चाचपली. मग हळूच म्हणाले, "आपलं काम का?"

"छे! माही रिवेटांची रांग सरळ राहायची." आणि बाबा काय हसले! कित्येक महिन्यांनी हसले.

परतीच्या एसटीत बाबांना खिडकीशी बसवलं. मी बाबांसाठी डोळे मागायला आले होते, ते काही मिळाले नाहीत. तरी मी पुण्याची आणि त्या गृहस्थांची ऋणी आहे. जन्मभर ज्यांच्या घरात वाढले त्यांना काय येतं, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

बाबा खिडकीखालचा पत्रा चाचपत होते. "पाह्य, कसे तिरपे मारले रिवेट," ते पुटपुटले.

मी डोळे मिटले आणि माझं बोट त्यांच्या बोटाशेजारी ठेवलं.

"कुठं, बाबा? दाखवा ना."