वाणाचे नॅपकिन

दमणं या गोष्टीला आमच्या घरात कधी किंमत नव्हती. सोलापुरात भवानी पेठेत घर, पुढच्या खोलीत दोन लूम, नवरा त्यांच्यावर टॉवेल आणि नॅपकिन विणतो. लूम चालू असताना कुणी "दमलो" म्हटलं तरी दुसऱ्याला ऐकूच येत नाही. मी स्वतः वीस वर्षं एका टॉवेल कारखान्यात चेकर होते, विणलेल्या मालातले दोष शोधायचे. तो बंद पडला तेव्हा खोटं कशाला बोलू, सुटल्यासारखं वाटलं. दुपारी तासभर पडता येईल, एवढीच माझी हौस होती. पण मोहोळच्या रस्त्याला नवा कारखाना निघाला, तिथे नजर तयार असलेल्या बायका हव्या होत्या, आणि मी पुन्हा पहाटे उठून कंपनीच्या बससाठी सात रस्ता चौकात उभी राहायला लागले. गुडघे कुरकुरत होते, ते तसेच सोबत घेतले.

तिथे आम्ही काय बनवतो हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं आहे. लिथियमच्या बॅटरीत, म्हणजे मोबाइलच्या किंवा इलेक्ट्रिक स्कूटरच्या, दोन बाजू असतात. त्या एकमेकींना टेकल्या की भडका उडतो. म्हणून मध्ये केसाहून पातळ प्लास्टिकचा पडदा घालतात. नुसता पडदा तापला की आक्रसतो, म्हणून त्यावर सिरॅमिकच्या पांढऱ्या भुकटीचा लेप द्यायचा. भुकटी पाण्यात आणि चिकट द्रवात धिरड्याच्या पिठासारखी कालवतात. ती एका लांब, अरुंद फटीतून पडद्यावर पसरते, मग पडदा भट्टीतून वाळून रोलवर गुंडाळला जातो. या फटीला आम्ही लिप म्हणतो. लिपमध्ये एखादा तंतू अडकला, की तेवढ्या जागी लेप पडत नाही आणि रोलभर उघडी रेघ उमटत जाते. रोल भंगारात. नजरेतून सुटला, तर उद्या कुणाची तरी स्कूटर पेटणार. हे सगळं ऐकून सासरे म्हणाले होते, "एवढं पातळ कापड? धुतल्यावर टिकंल का ग?"

मी पहिल्या पाळीची इनचार्ज. आत जाताना बायकांच्या बांगड्या, पिना, टिकल्या उतरवून घेणं माझ्याकडे होतं. त्यामुळे माझं नाव निघालं की बायका तोंड वाकडं करायच्या. टिकलीवरून एकजण दोन महिने माझ्याशी बोलली नाही. हा राग जरा उतरावा म्हणून संक्रांतीला मी कँटीनमध्ये हळदीकुंकू केलं आणि वाण म्हणून आमच्याच लूमवरचे नॅपकिन लुटले. कोरे करकरीत, पाण्याला न लागलेले. बायका खूश झाल्या. भट्टीजवळ घामाच्या धारा लागतात, त्यामुळे दुसऱ्या दिवसापासून सगळ्याजणी ते नॅपकिन गळ्याशी, पांढऱ्या डगल्याच्या आत खोचायला लागल्या. मीही. बांगडी दिसली की माझा हात पुढे व्हायचा, पण नॅपकिनकडे कधी लक्षच गेलं नाही. सोलापुरात माणसाच्या गळ्याशी नॅपकिन असायचाच.

चार-पाच दिवसांत रेघा पडायला लागल्या. फक्त आमच्या पाळीत.

लिप सांभाळायचं काम जिच्याकडे होतं, ती माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी लहान. घरात तेलुगू बोलणारी, माहेर-सासर दोन्हीकडे विणकाम. मला अक्का म्हणायची. ठेकेदाराकडून आलेली, म्हणजे आज आहे, उद्याचा भरवसा नाही. दर रेघेला तिने मशीन थांबवायचं, लिप पुसायची, पुन्हा सुरू करायचं. महिनाभर हेच. वरचे साहेब दर तासाला येऊन उभे राहायचे. मला घरी जाऊन ताटावर झोप यायची, नवरा हलवून म्हणायचा, "आधी जेव तरी की."

लॅबने लिपमधला तंतू तपासला आणि सुती असल्याचं सांगितलं. साहेबांनी लगेच ठरवून टाकलं, की ही बाई कंपनीच्या तंतू न सुटणाऱ्या कापडाऐवजी घरच्या चिंधीने लिप पुसत असणार. ती नाही नाही म्हणत राहिली. साहेबांनी मला बोलावलं. "ती दिलेलंच कापड वापरते, याची तुम्ही खात्री देता का?"

मी म्हणाले, "देते तर मी तेच. आता दर वेळी कोण बघत बसतंय?"

एवढंच. पाय दुखत होते, बस सुटायला दहा मिनिटं होती. दुसऱ्या दिवशी ती बसला नव्हती. मी एकदा मागे वळून तिची सीट बघितली आणि डोळे मिटून घेतले.

तिच्या जागी दुसरी आली, आणि रेघा पडतच राहिल्या. आठवड्याभराने, पाळी सुटल्यावर कपडे बदलायच्या खोलीत माझ्या शेजारच्या बाईने गळ्यातला नॅपकिन काढून तोंड पुसलं. तिच्या भुवईला पांढरा तंतू चिकटला. घरी नवऱ्याच्या भुवईवरचा काढते तसा मी सवयीने चिमटीत धरून काढला, आणि मग दिव्यापुढे धरला. आमच्याच नॅपकिनचं सूत होतं.

सकाळी साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला, दारावर सूचना लावली, नॅपकिन बंद केले. रेघा थांबल्या. मला काही म्हणाले नाहीत. शोधून काढलंत, छान झालं, असंच म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला परत घ्या म्हटलं, तर ते ठेकेदाराकडे बोट दाखवून मोकळे झाले. ठेकेदार म्हणाला, "जागा भरली की आता. पुढं बघू."

रविवारी तिचं घर शोधत गेले. दाराशी बसून ती मशीनवर टॉवेलचे काठ शिवत होती. शेजारी न शिवलेल्या टॉवेलांचा कमरेएवढा ढीग. तिने मला बसायला पाट दिला, पाणी दिलं, आणि पुन्हा शिवायला बसली. मी वाटेत जुळवलेलं सगळं बोलले. चूक तुझी नव्हती, माझ्या वाणाची होती. आणि साहेबांपुढे मी तुझ्या बाजूने बोलायला पाहिजे होतं.

तिने काठ संपवला, दोरा तोडला.

"मी सांगितलं होतं की, अक्का, तुमाला."

"काय?"

"लिपमधलं दोरा काढून तुमच्या हातावर ठेवलं. आपल्या नॅपकिनचाच वाटतंय म्हटलं. तुमी म्हणाला, बरं बरं, आधी हा रोल संपू दे."

मला आठवेना. आजही आठवत नाही. तिचा चेहरा, तो तंतू, माझा तळहात, काहीच नाही. पण ती खोटं बोलत नव्हती. "बरं बरं, आधी हा रोल संपू दे" हे माझंच बोलणं आहे. दिवसातून दहादा मी ते बोलते.

"मग साहेबांना का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"तुमाला सांगितलं होतं की," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून तिलाच वाईट वाटलं असावं. "असू द्या, अक्का. तुमी लई दमलेलं असायचा."

मी मान हलवली. दमलेली तर तीही होती. तिला दोरा दिसला होता.