दोन राण्या आणि एक बाळंतपण

अमेरिकेत शुगर लँडला गेले होते ते लेकीच्या पहिल्या बाळंतपणासाठी. पहिलं बाळंतपण आईनं करायचं, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. पण विहीणबाई माझ्या आधीच येऊन स्वयंपाकघराचा ताबा घेऊन बसलेल्या! मग काय, "तुम्ही बसा हो ताई," "छे छे, तुम्हीच दमलात," अशी दिवसभर साखरपेरणी. शेवटी लेक ऋतुजा वैतागून म्हणाली, "चला, दोघींना राण्यांची जत्रा दाखवते."

जत्रा म्हणजे सोळाव्या शतकातलं इंग्लंड, टेक्सासच्या झाडीत उभं केलेलं. गाडीनं दीड-दोन तास. तिकीट ऑनलाइनच काढा, गेटवर महाग पडतं. ऑक्टोबरातही ऊन मरणाचं, टोपी न्या. पार्किंग गवतात, पायपीट भरपूर. शाकाहारी माणसानं भाजलेल्या मक्यावर भागवावं. गाडीत पुढची सीट अर्थातच विहीणबाईंना. मुलाकडची बाजू ना!

दुपारच्या खेळात इंग्लंडची राणी आणि शेजारच्या स्कॉटलंडची राणी. एकमेकींना 'प्रिय बहीण' म्हणायच्या, नजराणे धाडायच्या, भेट मात्र कधी झाली नाही. राज्य गेल्यावर स्कॉटलंडची आसऱ्याला आली. इंग्लंडच्या राणीनं तिला पाहुणी म्हणत कैदेत ठेवलं आणि शेवटी मुंडकं उडवलं.

"बाई गं! नात्यातल्या ना या?" विहीणबाई हळहळल्या.

"नात्यातल्याच असतात," मी म्हटलं. जावई समीरराव एकदम पाणी आणायला उठले.

परतताना ऋतुजा माझ्याजवळ मागे बसली. "आई, दोघी घरात असलात की मला टेन्शन येतं गं. बीपी वाढलंय. तुझं तिकीट प्रीपोन केलंय."

"माझंच का?"

"त्यांना जा म्हटलं तर समीरला वाईट वाटेल. तू समजून घेशील."

वा! आई म्हणून मीच समजून घ्यायचं. पुढच्या सीटवरून चकार शब्द नाही, म्हणजे त्यांना आधीच माहीत होतं.

निघताना विहीणबाईंनी माझी ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ, सगळं रीतसर. जाणाऱ्या पाहुणीची ओटी घरची बाई भरते. माझ्या लेकीच्या घरी मी पदर पसरून उभी होते, आणि ऋतुजा फोटो काढत होती.

आता नाशिकला आहे. जत्रा बघण्यासारखी आहे, जरूर जा. मी नेलेले डिंक आणि अळीव तिथेच राहिले, विहीणबाईंच्या डब्यांत.

परवा नातू झाला. व्हिडिओ कॉलवर विहीणबाईंच्या मांडीवर पाहिला.

"ताई, नाक अगदी तुमचं हो!"

"तुमच्या हाताखाली गुणाचा होईल," मी म्हटलं.

ऋतुजा झोपली होती. उठवू का, त्यांनी विचारलं. राहू द्या, म्हटलं.