खुनी कोण आणि शिबिराला कोण

एका इंग्रजी सिनेमामुळं माझ्या मैत्रिणीचं शिबिर बुडालं. हे सांगताना मला अजून राग येतो, आणि तो यायलाच पाहिजे.

निपाणीत तेव्हा रंगीत टीव्ही आणि व्हिडिओ भाड्यानं मिळायचा. मैत्रिणीच्या भाच्याचं बारसं झालं त्या रविवारी तिच्या घरी तो आणला होता. सकाळी थोरल्यांसाठी देवाचा सिनेमा झाला. जेवणं उरकल्यावर तिच्या भावानं बेळगावहून आणलेली कॅसेट घातली. भाऊ, ती आणि मी एकाच कॉलेजात. पुढच्याच आठवड्यात खानापूरकडच्या एका खेड्यात रस्ता करायला कॉलेजचं शिबिर जाणार होतं. तिचे आप्पा, म्हणजे वडील, मोठ्या मुश्किलीनं राजी झाले होते. "सर सोबत हाईत न्हवं? मग जा," एवढं म्हणाले होते. ती त्या एका वाक्यावर आठवडाभर तरंगत होती.

सिनेमा नेमका शिबिराचाच निघाला. तळ्याकाठी लाकडी खोल्या, कॉलेजची पोरंपोरी, आणि मुखवटा घातलेला कुणीतरी एकेकाला सुऱ्यानं भोसकतोय. इंग्रजी कुणालाच धड कळत नव्हतं, म्हणून तोंडं बघून खुनी ओळखायचं चाललं.

"तो लाकूडतोड्या. थोबाड बघा की त्याचं," भाऊ म्हणाला.

"न्हाय रं, तो स्वैपाकी. सुरी कुणाच्या हातात असती?" मैत्रिणीची काकू म्हणाली.

म्हणजे जो राबतो तो खुनी. फाटका सदरा, रापलेलं तोंड, झाला निकाल. चष्मा लावलेल्या, गळ्यात शिट्टी अडकवलेल्या मास्तरांवर कुणाचा संशय नाही. आणि मरणाऱ्या मुली? एक तोकड्या कपड्यांत पोहायला निघाली तशी काकू म्हणाली, "आता ही जाणार." ती गेल्यावर, "म्हटलं न्हवतं?" मारलं त्यानं, पण चूक तिच्या कपड्यांची.

मी त्या दिवसांत विडी वळणाऱ्या बायकांच्या, कारखान्याच्या मालकांविरुद्धच्या मोर्चाची पत्रकं लिहीत होते. आवाज चढाच असायचा.

"खुनी तो मास्तर आहे," मी म्हणाले. "सारखा मुलींना आत जा, कडी लावा सांगतोय. कोण कुठल्या खोलीत, हे त्यालाच ठाऊक."

"गप गं," भाऊ म्हणाला. "तुला सगळीकडं मालकच दिसतोय."

शेवटी मुखवटा निघाला. मास्तरच. मैत्रिणीनं टाळ्या पिटल्या. मागं खुर्चीत बसून सगळं बघणाऱ्या आप्पांकडं मी वळले. "बघितलंत? सगळ्यांनी गरिबांवर बोट दाखवलं."

"व्हय बाई, तुझं खरं हाय," आप्पा सावकाश म्हणाले. "मास्तरांच्या भरवशावर पोरगी धाडत होतो मी. आता न्हाय धाडत."

टाळ्या थांबल्या.

"आप्पा, सिनेमा हाय तो," ती म्हणाली.

"असंना का. तुझ्याच मैत्रिणीनं दाखवलं की."

"मग याला कसं धाडताय?" मी भावाकडं हात केला. "मुलींपेक्षा पोरंच जास्त मेली त्यात."

"पोरगं परत आलं की संपलं. पोरगी जित्ती आली तरी लोक इचारत्यात."

म्हणजे सुऱ्याची भीती नव्हतीच. मेलेल्या मुलीपेक्षा परत आलेल्या मुलीची धास्ती जास्त. मी बरोबर ओळखलं होतं, पुराव्यासकट ओळखलं होतं, आणि त्याची शिक्षा तिला झाली. मला कुणी चुकीचं म्हटलं असतं तर भांडता आलं असतं. आप्पांनी मला खरं ठरवून तिला घरात बसवलं.

शिबिराच्या सकाळी तिनं भावासाठी भाकरी थापल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली, त्याचे कपडे पिशवीत भरले. हे त्यानंच गाडीत बसल्यावर सांगितलं, कौतुकानं. सर हजेरी घेत होते. तिचं नाव आलं. भाऊ म्हणाला, "ती येणार न्हाय सर. घरात काम हाय."

मी उठून उभी राहिले. "काम न्हाय सर. तिला धाडलं न्हाय."

गाडीतले सगळे माझ्याकडं बघायला लागले. भाऊ खिडकीबाहेर बघत राहिला. सरांनी चष्मा सारखा केला आणि म्हणाले, "बरं, बसा आता."

मी लगेच बसले नाही.