एडमंटनच्या फलाटावर आलेला डबा

मंडळी, अशा सदरांतले अनुभव मी नेमाने वाचतो, पण खरं सांगायचं तर हसण्यासाठी वाचतो. कुणाला विहिरीवर बाई दिसते, कुणाला घाटात म्हातारा लिफ्ट मागतो... माझं अकोल्यात मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. शेतकरी येतो, म्हणतो, "काहीच कारण नसताना पंप बंद पडला." मी मोटार उघडतो आणि कारण त्याच्या हातात देतो. सगळं आयुष्य यातच गेलं. त्यामुळे कारणाशिवाय जगात काही घडतं, हे मी कधी मानलं नाही. पण गेल्या वर्षी कॅनडात जे झालं, त्याचं कारण मला अजून सापडत नाही, म्हणून लिहायला बसलोय.

माझी मोठी बहीण, कुसुमताई, बडनेऱ्याला राहते. भाऊजी तिथेच रेल्वेत होते, सिग्नलच्या कामावर. मुंबईकडून नागपूरकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्या बडनेऱ्याला थांबतात, आणि नात्यातलं कुणीही त्या गाडीत असलं की भाऊजी फलाटावर डबा घेऊन हजर. पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, शेंगदाण्याची चटणी. गाडी थांबायची दोन मिनिटं. खिडकीतून डबा आत, घरच्यांची चौकशी, की गाडी सुटली. आमच्या वऱ्हाडात हे पुष्कळ घरांत करतात, पण भाऊजींचं जरा अतीच होतं. एकदा मी न कळवता नागपूरला गेलो. त्यांना कळलं तर घरी येऊन मला म्हणाले, "काहून, मी मेलो होतो काय?" पुढे बरेच दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत.

आणखी एक गंमत. गाडी भुसावळहून सुटली, एवढं कळलं की हे घरी चहा पीत सांगायचे, आज किती लेट होणार. आम्ही मोबाइलवर पाहायचो, मोबाइल वेगळंच सांगायचा, आणि खरे ठरायचे भाऊजी. त्यात काही चमत्कार नव्हता. चाळीस वर्षं एकाच रुळाकडे पाहिल्यावर माणसाला तेवढं कळतं.

अशा माणसाने पोटच्या पोरीशी बोलणं टाकलं होतं. मनीषा, आमची मनू, एकुलती एक. तिने कॉलेजातल्या प्रदीपशी लग्न केलं. मुलगा बौद्ध समाजातला, हुशार, स्वभावाने सोनं. पण भाऊजी "आपल्यातला नाही" एवढ्यावर अडून बसले ते बसलेच. मनू-प्रदीप कॅनडाला गेले. वर्षं गेली. मग दोन वर्षांपूर्वी भाऊजी झोपेतच गेले, आणि ताईने मनूला कळवलं ते तेरावं उरकल्यावर. नातेवाइकांना घाबरली बिचारी. मनूने फोनवर एवढंच विचारलं, "मले शेवटचं पाहूही नाही दिलं तुमी?" त्यानंतर तिचा फोन नाही. प्रदीपची आई अमरावतीच्या भाजीबाजारात ताईला भेटली की पोरीची खुशाली सांगायची, तेवढंच काय ते कळायचं.

माझा मुलगा निखिल टोरांटोला असतो. त्याच्याकडे बाळ झालं म्हणून मी आणि बायको गेलो, सोबत ताईलाही नेलं. घरात एकटी बसून तिची तब्येत उतरत चालली होती. निखिलने आम्हा भावा-बहिणीसाठी व्हँकुव्हरपर्यंतची रेल्वेची सफर बुक केली. तिकडे आमचा मावसभाऊ राहतो, त्याला भेटायचं, वाटेत सरोवरं-पहाड पाहायचे आणि विमानाने परत. बायको नातवाला सोडून यायला तयार नव्हती. निखिल नकाशावर रस्ता दाखवत होता, तर ताईचं बोट मध्येच थांबलं.

निखिल उठून गेल्यावर मला हळूच म्हणाली, "विजू, हे एडमंटन म्हंजे आपल्या मनूचंच गाव ना?"

"हाव. कळवू काय तिले?"

"नोको. नाही आली तं मंग मी काय करू? गाव पाहीन न पुढं जाईन."

"अवं, आपल्यात असं न कळवता जातात काय कोणी?"

"मी जाईन. तू कोणाले बोलला तं तुले माही आन आहे."

बहिणीने आण घातल्यावर मी काय बोलणार... गप्प बसलो. निखिललासुद्धा सांगितलं नाही. मनूचा नंबर माझ्याकडे नव्हताच. ताईकडे होता तो जुना, बंद पडलेला.

गाडी मोठी छान होती. वर-खाली बर्थ, त्याला पडदे, आणि एक डबा तर वरून सगळा काचेचा. दोन दिवस नुसतं पाणी आणि झाडं. ताई काही पाहत नव्हती. तिसऱ्या दिवशी सपाट मैदान लागलं, गव्हाची कापलेली शेतं, आभाळापर्यंत. तेव्हा तिने पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हणाली, "एवढं वावर, न त्यात माणूस एक नाही." मला बरं वाटलं. निदान बोलली.

त्या दिवशी दुपारपर्यंत आमची गाडी थोडीशीच लेट होती. एडमंटन रात्री येणार होतं. ताईने संध्याकाळपासूनच खिडकी धरून ठेवली. आणि मग अंधार पडता पडता गाडी थांबली ती थांबलीच. पुढे एक मालगाडी बंद पडली म्हणे. तिकडे रूळ मालगाड्यांचे, आपण पाहुणे. गार्डला विचारलं तर तोही खांदे उडवायचा. शेवटी एडमंटन आलं तेव्हा चांगली दहा-अकराची उन्हं आली होती.

स्टेशन लहानसंच. आपल्या बडनेऱ्यापुढे काहीच नाही. अर्धा तास थांबणार, पाय मोकळे करा, असं सांगितलं म्हणून मी उतरलो. ताई दाराच्या दांड्याला धरून पायरीवरच उभी राहिली. खाली उतरत नव्हती आणि आतही जात नव्हती. थंडी बरीच होती. मी तिची शाल नीट करायला वळलो, तेवढ्यात मागून आवाज आला.

"मामा."

वळून पाहतो तर मनू. जाड जाकीट, केसांत थोडी पांढरी झाक, आणि हातात कापडी पिशवी. मी तिला शेवटचं पाहिलं तेव्हा ती कॉलेजात होती. ती माझ्या बाजूने निघून ताईसमोर उभी राहिली. पिशवी पुढे केली आणि म्हणाली, "आई, डबा आणला."

ताई दोन पायऱ्या कशी उतरली, तिलाच ठाऊक. "तुले... तुले कोनं सांगितलं?"

"मामानं. काल फोन केला ना त्याईनं."

ताईने माझ्याकडे असं पाहिलं की मी लहानपणी तिची पाटी फोडली तेव्हाही तसं पाहिलं नसेल. मी म्हटलं, "मी नाही केला, देवाशपथ नाही." पण ऐकत कोण होतं... दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या. ताई सारखं एकच म्हणत होती, "मनू, माहं चुकलं व." आणि मनू तिची पाठ थोपटत म्हणत होती, "आधी खाऊन घे. पुऱ्या थंड होऊन राहिल्या." त्या गारठ्यात, उभ्या-उभ्या, रडत-रडत माझ्या बहिणीने पुरी-भाजी खाल्ली. आजूबाजूचे गोरे लोक पाहत होते. पाहू द्या म्हटलं.

मग मनूने विचारलं, "तुही बॅग कोणती?" मी बॅग काढून दिली. ताईने पहाडही नाही पाहिले आणि व्हँकुव्हरही नाही. तिची सफर एडमंटनलाच संपली. उरलेला डबा घेऊन मी एकटाच पुढे गेलो. दोन्ही बाजूंना बर्फाचे डोंगर, लोक फोटो काढून राहिले होते, आणि मी पुरी खात हिशेब लावत होतो — हा फोन केला कोणी?

मी तर नाहीच. निखिलने दिलेल्या फोनला वाटेत बहुतेक ठिकाणी नेटवर्कच नसायचं, आणि कॉल लॉगमध्येही काही नव्हतं. निखिलला विचारलं तर तो उलट मलाच म्हणाला, "मनूताई एडमंटनला असते? मला तुम्ही सांगितलं का नाही?" प्रदीपच्या आईला आमच्या या प्रवासाची काहीच कल्पना नव्हती. मावसभावाला गाडी कळवली होती, पण मनू कुठे असते हे त्याला माहीत नव्हतं. ताईवरही मी संशय घेतला. पण तिला स्वतःचाच फोन धड लावता येत नाही.

परतताना ताईला घ्यायला मी मनूकडे उतरलो. घर नीटनेटकं, प्रदीप तसाच हसतमुख. मला चहा देऊन तो कामाला गेला. स्वयंपाकघरात आम्ही तिघेच होतो. मी म्हटलं, "मनू, आता मले सगळं सांग. फोन आला तो कुठं न कसा?"

मनू एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला आहे. फोन तिच्या मोबाइलवर नाही, दवाखान्याच्या टेबलावर आला. भर दुपारी. उचलला तिच्या सोबतच्या मुलीने. ती म्हणाली, कोणी म्हातारा माणूस आहे, इंग्रजी येत नाही वाटतं, नुसतं मनीषा-मनीषा करतोय.

"लय खरखर होती, मामा. मी म्हटलं, कोन? तं नाव नाही सांगितलं. म्हणे, तुही आई तुह्या टेशनावरून जाऊन राहिली, गाडीवर डबा घेऊन जाय. मी म्हटलं, कधी? तं म्हणे, गाडी रात्रीची आहे पण रात्री जाऊ नोको, सकाळी ऊन चढल्यावर जाय. न फोन ठेवून देला. आपल्याकडे कोण नाव सांगते फोनवर? मले वाटलं, तुमीच असान."

मी कप खाली ठेवला. भर दुपारी आमची गाडी जेमतेम लेट होती. ती मालगाडी तर संध्याकाळी बंद पडली. त्या वेळी गाडीतल्या गार्डलाही माहीत नव्हतं, ते मनूला दवाखान्यात कळलं होतं. रात्री गाडी पाहायला ती आलीच नाही, कारण त्या माणसाने नको म्हटलं होतं.

"त्या दवाखान्यात किती दिवसांपासून आहेस तू?" मी विचारलं.

"बाबा गेल्यावर लागली. बडनेऱ्यात कोणाले माहीतच नाही मी कुठं काम करतो ते."

मग तिने माझ्याकडे सरळ पाहिलं. "मामा, खरं सांगा. तुमीच केला होता ना?"

मला खोटं बोलता आलं असतं. सगळं तिथेच मिटलं असतं. पण म्हटलं, "नाही, बाई. मी नाही केला."

ती ओट्याला टेकून उभी राहिली. मग तिने ताईला विचारलं, "आई, बाबांचा राग गेला होता काय व? शेवटी तरी?"

ताई मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "राग तं केव्हाचाच गेला होता. फोन कराची लाज वाटे त्याईले. रोज नंबर लावत, न घंटी वाजाच्या आधी कापून टाकत. मले दिसे, न मले दिसलं म्हणून माह्यावरच खेकसत. मरेपर्यंत लाजच वाटली त्या माणसाले."

मनूने डोळे पुसले. म्हणाली, "मंग आता कशी नाही वाटली?"

ताईने मेथीची जुडी बाजूला ठेवली आणि लेकीला जवळ घेतलं.

आता ताई बडनेऱ्याला परत आली आहे. रोज सकाळी मनूचा व्हिडिओ कॉल येतो, आणि दोघी तासभर काय बोलतात देव जाणे. तब्येत सुधारली आहे. मी मात्र दुकानात बसून अजून तोच हिशेब लावतो. काहीतरी साधं कारण असेलच, माझ्या ध्यानात येत नाही एवढंच, असं स्वतःला सांगतो. तुमच्यात माझ्याहून हुशार लोक आहेत. कुणाला ते कारण सापडलं, तर मला जरूर कळवा.

मनूला कळवू नका.