तीसच तर लिहिलंय

रंजिता घरतची आई वेणूबाई बेलपाड्यात सगळ्यांना सांगायची, "आमची रंजी डायवर हाय." मग कुणीतरी विचारायचंच, "कंची गाडी चालवते गं?" वेणूबाई गोंधळून म्हणायची, "गाडीची नाय. कंपूटरची." यापुढे ना विचारणाऱ्याला काही सुचायचं, ना सांगणारीला.

चूक वेणूबाईचीही नव्हती. रंजितानेच एकदा सांगितलं होतं, की कंप्युटरला थेट डिस्कशी बोलता येत नाही, मधे एक छोटा प्रोग्रॅम लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात आणि तो मी लिहिते. खारघर वसलं तेव्हा घरची शेती गेली, बदल्यात मिळालेल्या प्लॉटवर भावाने इमारत उभी केली. रंजिता मात्र शिकली आणि नवीन पनवेलच्या एका लहानशा कंपनीत लागली. एक्सरे साठवून ठेवणाऱ्या पेट्या, म्हणजे आत डिस्क असलेले छोटे कंप्युटर, ही कंपनी बनवते. स्वभावाने रंजिता पहिल्यापासून खात्री करून घेणारी. कुलूप लावलं की ओढून बघणार, गॅस बंद केला की परत जाऊन बघणार. म्हणूनच बहुधा तिचे वरिष्ठ धर्मराज यांनी ते काम तिच्यावर सोपवलं.

काम असं : ड्रायव्हर सुरू होताना एका फाइलीतून काही आकडे वाचतो. त्यातला मुख्य आकडा म्हणजे डिस्ककडे एका वेळी किती कामं पाठवायची. जुना ड्रायव्हर हे आकडे तपासतच नसे. मिळेल ते घेई. "आता प्रत्येक आकडा तपासायचा," धर्मराज म्हणाले. "एक ते बत्तीसच्या बाहेर गेला तर सरळ नकार. डिस्क चालूच करायची नाही." रंजिताने मन लावून लिहिलं, दहा तऱ्हेने वाकडे आकडे घालून पाहिलं. सगळे वाकडे आकडे अडले, सगळे सरळ सुटले. नवा ड्रायव्हर पहिल्या काही पेट्यांवर गेला.

दुसऱ्याच दिवशी सकाळी जुन्या पनवेलमधल्या एका एक्सरे केंद्रातून फोन आला. तिथली यंत्रं सांभाळणारे सुभाष घाबरून बोलत होते. "मॅडम, पेटी चालू आहे, पण डिस्कच दिसत नाही. जुने एक्सरे सगळे गायब!"

रंजिता स्कूटरवरून निघाली. केंद्रात पोचली तर बाकावर रांग लागलेली. दाराशी गोमा नावाचा म्हातारा बसला होता, वीटभट्टीवर काम करणारा, डावा पाय बाकावर लांब ठेवून. पाय मोडला तेव्हाचा त्याचा फोटो याच पेटीत होता. हाड नीट जुळतंय की पुन्हा कापायचं, हे डॉक्टर जुना फोटो शेजारी ठेवूनच सांगणार होते.

"ताय, माजा फोटू त्याच्यात हाय ना?" त्याने विचारलं.

"आहे, बाबा," रंजिता म्हणाली. असेल अशी तिला आशा होती.

ड्रायव्हरने नोंद ठेवली होती : एका वेळची कामं शून्य, हा आकडा चालणार नाही. म्हणजे तिची तपासणी चोख चालली होती. तिने फाइल उघडली. तिथे तीस होते.

तिने पुन्हा नोंद पाहिली. शून्य. पुन्हा फाइल. तीस. ड्रायव्हर दुसरीच कुठली फाइल वाचतोय का? नाही, हीच. मागेपुढे मोकळी जागा? नाही. पेटी बंद करून परत चालू केली, पुन्हा शून्यच.

"तुम्ही यात काही बदल केलात?" तिने सुभाषना विचारलं.

"आज नाही हो. तीन वर्षांपूर्वी पेटी बसवली तेव्हा तुमच्याच ऑफिसातून कुणी फोनवर सांगितलं, तीस टाका. मी टाकले. तीसच तर लिहिलंय!"

तीसच लिहिलं होतं, ते तीही बघत होती. मग शून्य आलं कुठून? आपण लिहिलेल्या तपासणीतच काही चुकलं असेल, असं तिला वाटायला लागलं. शेवटी काहीच सुचेना, तेव्हा तिने जुनी फाइल बाजूला ठेवली, तिच्या नकलेत तो आकडा खोडला आणि आपल्या लॅपटॉपवरून पुन्हा तोच टाइप केला. तीसच.

डिस्क दिसायला लागली.

सुभाषनी टाळी वाजवली. रंजिताला मात्र हायसं वाटण्याऐवजी डोकंच बधिर झाल्यासारखं झालं. तीस खोडून तीस लिहिले आणि बिघाड गेला? अशी दुरुस्ती कुणाला सांगायची तरी कशी?

डॉक्टरांनी गोमाचा फोटो उघडला. गुडघा दिसला, त्याखाली थोडं हाड, आणि चित्र तिथेच थांबलं. जिथे मोडलं होतं तो भाग आलाच नाही. पेटी घरघरली, डिस्क गेली, परत आली, पुन्हा गेली.

"आता काय झालं?" डॉक्टर म्हणाले.

"बघते," ती म्हणाली. काय बघायचं ते तिला ठाऊक नव्हतं. आकडा बरोबर, तपासणी पार, तरी डिस्कचा श्वास कोंडलेला. तिने जुनी आणि नवी फाइल शेजारी शेजारी मांडल्या. हुबेहूब एक. सहज तिची नजर दोन्हींच्या आकारावर गेली. जुनी फाइल चार बाइटने मोठी होती.

तिने दोन्ही फाइलींमधली एकेक खूण सुटी करून पाहिली, तेव्हा कुठे उमगलं. नवीत 30 होते. जुनीत ३० होते. मराठी अंकाला फाइलीत जागा जास्त लागते, म्हणून ते चार बाइट. केंद्रात पेशंटची नावं मराठीत टाइप करतात. सुभाषचा कीबोर्ड कायम मराठीवर. मराठी डोळ्यांना दोन्ही तीसच. ती स्वतः इतका वेळ ते बघून तीसच वाचत होती. ड्रायव्हरला मात्र मराठी अंक कळत नव्हते. न कळलेलं तो शून्य समजायचा.

तिने धर्मराजना फोन लावला.

"जुना ड्रायव्हर शून्य आलं की काय करायचा?"

"शून्य म्हणजे काही लिहिलेलंच नाही असं समजून स्वतःच्या मनाने चार धरायचा," ते म्हणाले.

"म्हणजे ही डिस्क तीन वर्षं चारावर चालली. तीस तिला कधी मिळालेच नाहीत. आज पहिल्यांदा मिळाले, आणि तिला झेपत नाहीत."

"पण तीस मर्यादेत आहेत."

"मर्यादेत आहेत. या डिस्कच्या मर्यादेत नाहीत."

मग धर्मराज म्हणाले, "मग आपण तपासलं काय?"

तिने आकडा चार केला. फोटो पूर्ण उघडला, नडगीच्या खालपर्यंत. डॉक्टरांनी नवा फोटो शेजारी लावला, दोन्हींवरून पेनचं टोक फिरवलं आणि म्हणाले, "जुळतंय. कापायची गरज नाही." गोमाने पडद्याकडे बघितलं, मग पायाकडे, आणि रंजिताला विचारलं, "कंचा माजा?"

"दोन्ही तुमचेच, बाबा."

त्यानंतर ऑफिसात वाद झाला. धर्मराज म्हणत होते, जे वाचता येत नाही त्याला नकारच द्यायचा, नाहीतर चुका वर्षानुवर्षं दडून राहतात. रंजिताला ते पटत होतं. पण तिच्या अचूक तपासणीने चांगली चालणारी डिस्क बंद पाडली होती, आणि खरा आकडा मिळाल्यावर तर ती जास्तच आजारी पडली होती, हेही तिला विसरता येईना. तिने नियम लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला. अखेर ठरलं : आकडा कळला नाही तर ड्रायव्हर चार धरेल, पण जे कळलं नाही ते जसंच्या तसं पडद्यावर दाखवेल. आणि वरची मर्यादा प्रत्येक डिस्कची वेगळी. धर्मराज हो म्हणाले, पण नाखुशीने.

काही दिवसांनी सुभाषचा पुन्हा फोन आला. केंद्राच्या दुसऱ्या शाखेतली पेटीही त्यांनीच बसवली होती; नकार देणारा ड्रायव्हर तिथे गेलाच नव्हता, नव्या नियमाचा आता पोचला होता.

"मॅडम, इथे लिहून आलंय, हा आकडा समजला नाही, चार धरून काम चालू आहे. हे चांगलं की वाईट?"

रंजिताने उलट विचारलं,

"एक्सरे उघडतायत?"

"उघडतायत ना."

"मग कशाला हात लावू नका," ती म्हणाली. "मी येऊन बघते."