सारसाचा तिसरा पाय

वरठीच्या सुलोचनाबाईबद्दल एके काळी एक गोष्ट कानोकानी फिरत होती. महिला मंडळात क्रोशा शिकवणारी ही बाई स्वतःच्या डोक्यानं काहीच विणत नाही, असं लोक म्हणत. तिच्या लोखंडी पेटीच्या तळाशी, लुगड्यांच्या खाली, एक छापील पुस्तक आहे. घरात कुणी नसलं की ती ते काढते, नमुना उतरवते, पुस्तक पुन्हा लुगड्यांखाली सरकवते आणि चार दिवसांनी "मले सुचलं" म्हणून बायकांपुढे ठेवते. सांगणारा शेवटी "माहं नाव नोको घेजा" एवढं बजावून उठायचा. कुणीच कुणाचं नाव न घेतल्यामुळे गोष्ट आठ दिवसांत स्टेशनापासून गावाच्या दुसऱ्या टोकाला पोचली आणि तिचा बाप कोण, ते कुणाला कळलं नाही.

माझं तेव्हा स्टेशनरोडवर मनिहारीचं दुकान होतं. बांगड्या, रिबिनी, टिकल्या, दोऱ्याचे गुंडे, शाळेच्या वह्या. गावातल्या बातम्या त्यावर फुकट. बायका एक गुंडा घ्यायला यायच्या आणि तासभर थांबायच्या, त्यामुळे कुणाच्या सुनेचं कुणाशी पटत नाही हे पुंडलिकरावांना सरपंच असूनही माझ्यानंतर कळायचं.

सुलोचनाबाई मात्र गुंडा घेतला की निघायची. उंच, सडपातळ, मान जरा पुढे काढून चालणारी. मी तिला मागून सारस म्हणायचो, तोंडावर नाही. माहेर पवनीकडचं, कोंढ्याचं. तिथं एका नर्सबाईनं तिच्या हातात लहानपणी क्रोशाची सुई दिली होती. लग्न होऊन वरठीला टेकचंदच्या घरी आली ती ती सुई कमरेला खोचूनच. टेकचंद धानाचा शेतकरी, माणूस वाईट नव्हता, पण बायकोच्या कामाला तो "खिडक्या मोजणं" म्हणायचा. शब्द त्याचा चुकीचा नव्हता. तिची वीण जाळीची असे, बारीक चौकोनी खिडक्यांची. काही खिडक्या भरायच्या, काही रिकाम्या सोडायच्या, की भरलेल्यांतून चित्र उभं राहतं.

पंचाहत्तर साली महिला मंडळानं ग्रामपंचायतीच्या खोलीत क्रोशाचा वर्ग काढला आणि शिकवायला तिला बसवलं. महिन्याला थोडं मानधन होतं, पण तिला त्याचं फारसं अप्रूप नव्हतं. घरी ती टेकचंदची बायको, माहेरी गोमाजीची पोरगी. त्या खोलीत मात्र चौदा बायका तिला नुसतं "बाई" म्हणत, शाळेतल्या बाईला म्हणतात तसं. मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी दोन ते चार, ती बाई असायची. त्या दिवशी ती इस्त्री केलेलं लुगडं नेसायची, हे त्या चौदांतल्या रंभाबाईनं हेरलेलं.

शिकवणं तिचं कागदाशिवाय. नमुना तोंडानं म्हणायचा. "दोन रिकाम्या, एक भरली, तीन रिकाम्या, दोन भरल्या," असं ती म्हणे आणि बायका आरतीसारख्या तिच्यामागून म्हणत. रस्त्यानं जाणाऱ्याला वाटावं, आत भजन चालू आहे.

तिचा सगळ्यात मोठा नमुना सारसांचा. कोंढ्याला बापाच्या शेतामागं बोडी आहे, म्हणजे पाणी साठवायचं लहानसं तळं. तिथं सारसांची एक जोडी उतरायची. नर पुढे, मादी त्याच्या मागं, अंगाला अंग लावून, आणि मादी एक पाय दुमडून उभी. सुलोचनाबाईनं ते तसंच विणलं. पक्षी दोन आणि पाय तीन. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा रंभाबाईनं विचारलं, "बाई, एक पाय इसरल्या का वो?"

"इसरली नाई," ती म्हणाली. "तिनं एक दुमडला हाये. पुढचे दोन त्याचे. मोज."

रंभाबाईनं मोजले आणि गप्प बसली. रंभाबाई गप्प बसली, ही गोष्ट वरठीत चार दिवस पुरली.

एकोणऐंशी साली माझ्या दुकानाच्या काचेत मी सुलोचनाबाईचा एक रुमाल लावला होता. जवाहरनगरच्या क्वार्टरमधल्या एका साहेबाच्या बाई, चंद्रकांताबाई, रेल्वेला आल्या होत्या. त्यांनी तो पाहिला आणि टेबलक्लॉथ सांगितला. सारसांचाच पाहिजे, चारही कोपऱ्यांत जोडी. सुलोचनाबाई काम दाखवायला जवाहरनगरला पाच-सहा वेळा जाऊन आली. तिथं तिला खुर्चीवर बसवलं, कपबशीत चहा दिला, हे ती मला दोनदा सांगून गेली. टेबलक्लॉथ पुरा झाला तो नीट बांधून द्यायला माझ्याकडे ठेवला होता. दोन दिवस माझ्या काउंटरवर पडून होता. चार जोड्या, बारा पाय.

त्यानंतरही त्या बाईंनी तिला एकदा बोलावलं. कोपरा तपासायचा म्हणाल्या. परत आल्यावर सुलोचनाबाई दुकानाच्या पायरीशी थांबली आणि मला म्हणाली, "साहेबाचं घर बांधून राहिले वाटते, भाऊ. बाई चौकटीच्या कागदावर खिडक्या काढून राहिली होती. कोनती उघडी, कोनती बंद, मले इचारून राहिली."

मी हसलो. चौकटीच्या वह्या त्या बाईंनी माझ्याच दुकानातून नेल्या होत्या, अर्धा डझन. पुढं साहेबाची बदली झाली आणि ती मंडळी गेली.

एक्क्याऐंशीच्या दिवाळीनंतर नागपूरचा एक पुस्तकविक्या माझ्याकडे क्रोशाच्या नव्या पुस्तकाची एक प्रत टाकून गेला. रंगीत कव्हर, आत पानाला एक असे पन्नास नमुने, किंमत आठ रुपये. महिला मंडळानं पंधरा प्रती घेतल्या तर मला चांगलं कमिशन. कव्हरवर नाव चंद्रकांताबाईंचं. मी पानं उलटत गेलो. सत्ताविसाव्या नमुन्यावर सारस होता. एकच. मादी काढून टाकली होती, जागा वाचवायला असेल. पण काढणाऱ्या हाताला कुठला पाय कुणाचा हे काही कळलं नव्हतं. त्यामुळे पुस्तकातला सारस एकटा होता आणि तीन पायांवर उभा होता. तेवढ्यात रंभाबाई दोरा घ्यायला आली. तिनंही ते पान पाहिलं. आणि आठ दिवसांत पेटीच्या तळातल्या पुस्तकाची ती गोष्ट गावभर झाली.

पुस्तक घ्यायचं की नाही, ते ठरवायला मंडळाची सभा भरली. अध्यक्ष गोदावरीबाई, पुंडलिकरावांची बायको. बोलायला गोड, पण प्रत्येक गोड बोलण्याच्या आत एक हूक. चार दिवस आधीच तिनं आपल्या ओसरीवर सांगून ठेवलं होतं की पुस्तक आलं तर वाचता येणाऱ्या पोरी आपोआप शिकतील, मग मानधनाच्या पैशात दोरा येईल. हे सुलोचनाबाईच्याही कानावर गेलं होतं. म्हणजे पुस्तक घेतलं तर तिचा वर्ग जाणार. आणि तरी गोदावरीबाईनं सभेत पुस्तक उचललं ते सरळ तिच्याच मांडीवर ठेवलं.

"तुमीच सांगा बाई. तुमच्याइतकं समजनारं दुसरं कोन हाये इथं? घ्याचं का नाई?"

नको म्हणाली तर वर्गासाठी म्हणते. घ्या म्हणाली तर वर्ग गेला. सगळ्या बायका माना खाली घालून विणत होत्या आणि एकीचीही सुई हलत नव्हती.

सुलोचनाबाईनं घाई केली नाही. पुस्तक तिनं भाजी निवडतात तसं पाहिलं. चौथ्या पानावरच्या फुलाला साखळी कमी दिली आहे, कापड वाटीसारखं उचलेल, म्हणाली. तिथंच कमरेची सुई काढून, दोरा घेऊन तीन फेऱ्या विणून दाखवल्या. खरंच वाटी झाली. अकराव्या पानावरची किनार पाहून मात्र थांबली, दोनदा वाचली आणि म्हणाली, ही चांगली आहे, मला सुचली नसती. एवढं मोठं मन त्या खोलीत दुसऱ्या कुणाचं नव्हतं. माझं तर नव्हतंच. मी दाराशी स्टुलावर कमिशनचा हिशेब करत बसलो होतो.

मग सत्ताविसावं पान आलं. तिचं बोट सारसाच्या चोचीपासून निघालं, मानेवरून, पाठीवरून खाली आलं आणि तिसऱ्या पायावर थांबलं. रंभाबाई खोकली.

"हा पाय याचा नोहे," सुलोचनाबाई म्हणाली.

"मंग कोनाचा?" गोदावरीबाई.

"मागच्या सारसाचा. मागची मादी यायनं काढून टाकली न पाय ठेवून देला." तिनं कव्हर उलटून नाव वाचलं, ओठ हलवत, एकेक अक्षर. "ह्या बाईले मी टेबलक्लॉथ देल्ता, काकू. जवाहरनगरच्या. हे माहं हाये."

कुणीतरी फिसकन हसलं. हसणाऱ्यांना पेटीतलं पुस्तक ठाऊक होतं ना. चोर सापडला की असंच म्हणतो, असं त्या हसण्यात होतं. गोदावरीबाई फार मायेनं म्हणाली, "एवढी शिकली-सवरली बाई, पुस्तक छापते, ते का वरठीले शिकाले येईन वो?"

सुलोचनाबाईनं खोलीभर नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली.

"बाबूलालभाऊ, तुमी पाह्यला होता न? दोन दिवस तुमच्या काउंटरवर होता."

एवढंच सांगायचं होतं. होय, पाहिला होता, बारा पाय होते. दोन वाक्यं. जन्मभर या गावात मी न विचारता बोललो, आणि त्या दिवशी मला विचारलं होतं.

"बाई," मी म्हणालो, "माह्या दुकानातून दिवसाले पन्नास वस्तू जातात. कोनती कोनती ध्यानात ठेवू?"

ती माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही. माझ्या दुकानात माप कमी भरलेलं लक्षात आल्यावर शहाणी गिऱ्हाईकं बघतात, तशी. मग तिनं पुस्तक मिटलं आणि गोदावरीबाईच्या हातात दिलं.

"घ्या," ती म्हणाली. "अकरावं पान चांगलं हाये. सत्ताविसावं बी चांगलं हाये. फक्त एक पाय उसवून घेजा."

मंडळानं पंधरा प्रती घेतल्या. जानेवारीपासून वर्ग रंभाबाईकडे गेला. म्हणजे रंभाबाई पुस्तक उघडून मध्ये ठेवायची आणि बाकीच्या भोवती बसायच्या. आरतीसारखं म्हणणं बंद झालं. आणि मग वरठीत तीन पायांच्या सारसांची साथ आली. रेडिओवर सारस, शिलाईमशीनवर सारस, पुंडलिकरावांच्या खुर्च्यांच्या पाठीवर सहा सारस, आणि पुढं टीव्ही आले तेव्हा टीव्हीवर. एकीनंही पाय उसवला नाही. एका सुनेनं उसवला होता, तर सासूनं पुस्तक दाखवून पुन्हा विणायला लावला. तीन पायांचा एक जाडजूड सारस माझ्याही घरात होता. बायकोनं मोठ्या हौसेनं केलेला.

सुलोचनाबाईची मूळची जोडी तिच्या घरी पेटीवर अंथरलेली असे. एकदा नात्यातली कुणी सून आली, तिनं निरखून पाहिलं आणि म्हणाली की हा बिघडला वाटते, पुस्तकात तर एकच असतो. सुलोचनाबाईनं तो घडी करून ठेवून दिला. टेकचंदला बरं वाटलं, खिडक्या मोजणं संपलं म्हणाला. मंगळवार-शुक्रवारी ती शेतावर दिसू लागली.

दुकानात यायची, पण दोऱ्यासाठी नाही. मी एकदा सवयीनं म्हणालो, "या बाई, बसा."

"बाई कोनाले म्हनता जी?" ती म्हणाली. "बाई तर पुस्तक हाये." आणि टिकल्यांचं पाकीट घेऊन निघून गेली.

शहाऐंशी साली तिच्या पोरीचं, पुष्पाचं, लग्न ठरलं. मुलगा पवनीचा. सोयरे रुखवत बघून गेले आणि त्यांच्यातली एक म्हणाली की वरठीचा सारस फार नाव काढून आहे, तो पाहिजे. पोरगी आईला म्हणाली, "तुह्यावाला नको मा. पुस्तकातला कर. लोक हसतील."

सुलोचनाबाई माझ्याकडे आली. ते क्रोशाचं पुस्तक आहे का, म्हणाली. पुस्तकविक्यानं टाकलेली ती पहिली प्रत पाच वर्षं माझ्या कपाटात पडली होती, कव्हरचा रंग उडालेली. मी काढून दिली. म्हटलं, तुम्हाला कशाला पाहिजे, तुम्हाला तर येतं. टिंगल करायची नव्हती, पण तोंडातून तसं निघालं.

"माहा येते," ती म्हणाली. "चूक पाठ नाई. तिसरा पाय कोनत्या खिडकीतून निंघते ते पाहाव लागन."

तिनं पान उघडून ओळी मोजल्या, पुस्तक मिटलं आणि आठ रुपये काउंटरवर ठेवले. मी कमी घेतो म्हणालो, तर छापलेली किंमत दाखवली.

लग्नात मी रुखवत बघायला मुद्दाम पुढे गेलो. पांढराशुभ्र सारस, वीण इतकी सारखी की पुस्तकातला त्याच्यापुढे गबाळा दिसावा. एकटा. पाय मोजले. तीन होते. सोयरे खूश झाले. पुढं लग्नाच्या आवराआवरीला मदत करताना रंभाबाईला सुलोचनाबाईच्या पेटीत, लुगड्यांखाली ते पुस्तक दिसलं आणि तिनं गावभर सांगितलं, पाह्यलं, मी म्हनत नव्हती?

खरी गोष्ट अशी आहे. शहाऐंशीच्या आधी सुलोचनाबाईच्या पेटीत कुठलंही पुस्तक नव्हतं. सत्ताविसावा नमुना तिचा होता. आणि तिच्या पेटीत पुस्तक आहे, हे रंभाबाईला मी सांगितलं होतं.